डबल बेल

नानांना कुणी "तुम्ही मॅरेथॉन पळता म्हणे" असं म्हटलं की ते आधी दुरुस्ती करतात. "मी न्हाई पळत. तो पळवतो." हे म्हणताना त्यांचं बोट यवतेश्वराच्या डोंगराकडे असतं. डोंगरावर आहे महादेव, नानांना म्हणायचा असतो पांडुरंग, आणि पंढरपूर तर बरोबर उलट्या दिशेला. पण वारकऱ्यानं हरिहरांत भेद करू नये, आणि पहाटे पाचच्या अंधारात दिशांतही फार करू नये.

वय सहासष्ट. पासष्टी झाली की एसटीत अर्धं तिकीट लागतं. नानांनी ती सवलत घेतली आणि त्याच वर्षी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन मनावर घेतली. 42.195 किलोमीटर, सवलत नाही. तिथं ज्येष्ठ नागरिकांसाठी चार-साडेचार किलोमीटरची वेगळी दौड असते, असं मुलानं सुचवून पाहिलं. नाना त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. एवढं अंतर म्हणजे त्यांच्या हिशेबी देवळात जाऊन येणं.

त्यांचा पळायचा वेष बघण्यासारखा असतो. वर कुठल्याशा स्पर्धेत मिळालेला पोपटी टी-शर्ट, खाली शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेली, गुडघ्याखाली चार बोटं उतरणारी चड्डी. दुकानातल्या चड्ड्यांना खिसे नसतात ही त्यांची तक्रार. नानांना खिसे लागतात, चांगले खोल. एकात सुटे पैसे, एकात खडीसाखर आणि बुक्क्याची पुडी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन आणि त्यावर बुक्का. पाचव्या किलोमीटरपर्यंत हे सगळं जागच्या जागी असतं. मग घाम सुटतो, बुक्का नाकावरून ओघळायला लागतो आणि दहाव्या किलोमीटरला नाना कोळशाच्या वखारीतून सुटून आल्यासारखे दिसतात. नवे धावपटू घाबरून बाजूला होतात. नाना त्याला भाव म्हणतात.

जन्म एसटीत गेला, कंडक्टर म्हणून. बरीच वर्षं सातारा-महाबळेश्वर, मेढ्यावरून, केळघर घाटातून. "ड्रायव्हर बसून घाट चढतो, प्याशिंजर बसून चढतं. उभ्यानं घाट कोण चढतो? कंडक्टर." पिंडऱ्या आणि तोल या दोन गोष्टी त्यांना नोकरीनं दिल्या, श्रद्धा घरून आली, आणि हट्ट कुठून आला हे काकींना विचारावं लागेल. शरीराबद्दल ते अजून डेपोच्या भाषेत बोलतात. गुडघा धरला की "ब्रेकडाउन". विश्रांतीचा दिवस "वीकली ऑफ". आणि पळायला सुरुवात करताना ते उजवा हात वर करून, डोक्यावर नसलेली दोरी दोनदा ओढतात. डबल बेल. त्याशिवाय गाडी जागची हलत नाही. पळण्याच्या ग्रुपमधल्या एका वात्रट पोरानं एकदा मागून एकदाच "टिंग" केलं, तर नाना भर उतारावर थांबले आणि मागचे तिघं त्यांच्यावर आदळले.

हे वेड लागलं ते साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनपायी. 2012 पासून ती इथं होते. शहरातून निघायचं, यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि आल्या वाटेनं खाली यायचं; एकवीस किलोमीटर, सप्टेंबरातल्या धुक्यात आणि सरींत. नानांचं भजनी मंडळ एका वर्षी पळणाऱ्यांना हुरूप यावा म्हणून घाटात टाळ-मृदंग घेऊन उभं राहिलं होतं. नाना टाळ वाजवत होते आणि समोरून येणारी गर्दी बघत होते. तरणी, म्हातारी, जाडी, बारीक, डॉक्टर, मास्तर, पोलीस, सगळी एकाच दिशेला निघालेली, सगळी घामाघूम. कुणाची कुणाशी ओळख नाही आणि तरी जो तो दुसऱ्याला "चला, चला" म्हणतोय. नानांनी टाळ थांबवले. "ही दिंडीच की," ते शेजारच्याला म्हणाले, "नुसता विणेकरी न्हाई." पुढच्या वर्षी त्यांनी नाव घातलं. घाट हरिपाठ म्हणत चढले आणि उतारावर असे सुटले, की खाली आल्यावर त्यांना थांबवायला दोन स्वयंसेवक लागले.

उतारावर सुटणं ही त्यांच्या लेखी धार्मिक क्रिया आहे, हे आधी समजून घ्यायला हवं. नानांचं मूळ गाव तरडगावच्या बाजूला. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं तो चांदोबाचा लिंब तिथून हाकेच्या अंतरावर. नानांनी वारी तरुणपणापासून केली, रजा मिळो न मिळो. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. त्यात माळशिरसहून वेळापूरला जाताना एक उतार लागतो. तिथून तुकोबांना पंढरीच्या देवळाचा कळस दिसला आणि ते तिथून पळत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून आजही सगळे वारकरी तो उतार पळत उतरतात. त्याला धावा म्हणतात. नऊवारीतल्या बाया, धोतरातले म्हातारे, टाळ, पताका, सगळं एकदम सुटतं. "आमच्यात पळणं नवीन न्हाई," नाना सांगतात. "तुकोबाराय पळाल्यात. त्येबी चिप नसताना."

ग्रुपचा कोच तिशीतला, पुण्यात संगणकाचं काम केलेला. तो नानांना "सर" म्हणतो. नाना त्याला "माउली" म्हणतात. पण वारकरी सगळ्यांनाच माउली म्हणतो, अगदी कुत्र्यालाही, त्यामुळे कोचचा अधिकार त्यानं तसूभर वाढत नाही. कोचनं एक्सेलमध्ये आठवड्यांचं वेळापत्रक करून दिलं: मंगळवारी तेज पळणं, गुरुवारी चढ, रविवारी लांब पल्ला. नानांनी ते सगळं भिंतीवरच्या कालनिर्णयवर उतरवून घेतलं, तिथीखाली, बारीक अक्षरात. आता त्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब, गॅस लागल्याची तारीख, संकष्टीचा चंद्रोदय आणि "18 कि.मी." हे सगळं एकाच चौकोनात नांदतं.

वेगाचं मात्र जमेना. कोच विचारायचा, "सर, पेस काय होता?" नाना म्हणायचे, "दोन हरिपाठ आणि वर थोडी गौळण." त्यांच्याकडे घड्याळ होतं, पण ते वेळ बघायचं. पळणं मोजायला त्यांच्याकडे हरिपाठ. त्यांच्या लयीत एक हरिपाठ म्हणजे साधारण चार किलोमीटर. कोच आधी हसला, मग त्यानं त्यांच्या मनगटाला स्वतःचं महागडं घड्याळ बांधून एक रविवार पळवलं आणि संध्याकाळी आलेख बघून गप्प झाला. सगळ्या ग्रुपात एवढी सपाट रेघ कुणाचीच नव्हती. लांब पळताना माणसाला बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग ठेवावा, हे धावण्याच्या शिक्षणातलं पहिलं सूत्र. ते तरण्या पोरांच्या डोक्यात शिरत नाही, कारण पुढचा माणूस दिसला की त्यांना तो मागे टाकायचा असतो. नाना वेग वाढवायला जातात आणि त्यांचा श्वास चरणाच्या मध्येच तुटतो. अर्धा चरण टाकून पुढं जाणं त्यांना पाप वाटतं, म्हणून ते मुकाट्यानं वेग कमी करतात. एसटीच्या इंजिनाला स्पीड लॉक असतो. नानांना तो ज्ञानेश्वर महाराजांनी बसवलाय. कोचनं त्याच्या एक्सेलमध्ये आता "हरिपाठ" नावाचा एक रकाना केला आहे.

मला विचाराल तर नानांच्या श्रद्धेचं बळ इथं आहे, चमत्कारात नाही. लांब पळणं हे पायांचं काम कमी आणि कंटाळ्याचं जास्त. तीन-चार तास तेच पाऊल, तोच रस्ता, तोच मी. तरुण मंडळी त्यावर कानात गाणी घालतात, व्याख्यानं घालतात, दर किलोमीटरला मनगटाशी गप्पा मारतात. नानांनी पन्नास वर्षं तीच दोन नावं घेतली आहेत आणि अजून त्यांना नवीन काही हवं असं वाटलेलं नाही. कंटाळ्याची एवढी तालीम झालेल्या माणसाला बेचाळीस किलोमीटर म्हणजे काय!

पण कोचची त्यांच्याशी खरी लढाई झाली ती एकादशीवरून. सगळ्यात लांब पल्ल्याचा रविवार नेमका एकादशीला आला. कोच म्हणाला, पोटात पिष्टमय काही नसेल तर स्नायूंतला साखरेचा साठा संपतो आणि तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास माणूस एकदम गळतो. त्याला "वॉल" म्हणतात, भिंत. नाना म्हणाले, "भिंत व्हय? मग सोपं हाय. ज्ञानोबारायांनी ती चालवली होती." कोच म्हणाला, सर, मी गंभीरपणे बोलतोय. नाना म्हणाले, "मीबी. पुणं ते सासवड चाललायस कधी?" वारीतला तो सर्वांत लांब टप्पा, तीस-एक किलोमीटर, मध्ये दिवे घाट, आणि बहुतेक वर्षी तो येतो ज्येष्ठ वद्य एकादशीलाच. लाखो माणसं उपाशीपोटी घाट चढतात. कोचनं वर बघितलं. मग काकींनी आतून निकाल दिला: उपास मोडायचा नाही, पण साबुदाणा काय मातीचा असतो? साबुदाण्याची खिचडी, रताळं, राजगिऱ्याचे लाडू, केळी, खजूर. कोचनं यादी वाचली आणि म्हणाला की स्पर्धेच्या आधी मी लोकांना जे खायला सांगतो ते हेच, फक्त तुमच्याकडे तूप जास्त आहे.

स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट सांगितली. ही तपासणी म्हणजे छातीला वायरी लावून सरकत्या पट्ट्यावर चालायचं. दर तीन मिनिटांनी पट्टा जोरात जातो आणि त्याचा चढही वाढतो. पहिली अडचण माळेची. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, आजोबा, गळ्यातलं काढा. नाना म्हणाले, ही गेल्यावरच निघते. "कुठं गेल्यावर?" "मी." मुलगी डॉक्टरांकडे पळाली. शेवटी माळ पाठीवर उलटी टाकून तिला वरून चिकटपट्टी लावली. दुसरी अडचण आकड्यांची. दोनशे वीसमधून वय वजा करायचं. नानांचे आले एकशे चौपन्न, आणि त्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत, म्हणजे एकशे एकतीसपर्यंत ठोके न्यायचे होते. पट्टा सुरू झाला. नानांनी डबल बेल दिली, त्यात एक वायर निघाली, ती परत लावली. तीन मिनिटं गेली, सहा गेली. नानांचे ठोके एकशे दहावर बसले ते बसलेच, कारण ते मनातल्या मनात हरिपाठ म्हणत होते. डॉक्टर म्हणाले, नाना, काय ते म्हणणं बंद करा, ठोके चढेनात. आपल्या पांडुरंगाला गप्प बसवून दुसऱ्याच्या मशीनवर पळायचं, या अपमानानं ते एकदम एकशे चाळीसला गेले. रिपोर्ट उत्तम आला.

काकींचं मत या सगळ्याबद्दल एकच आणि सुरुवातीपासून तेच आहे. "आवं, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन रिंगणात पळालेय मी. पाच फेरे. माझ्या गळ्यात कुणी मेडल घातलं?" याला नानांकडे उत्तर नाही, म्हणून ते या वेळी नेमके मोजे शोधायला आत जातात. बुटांवरून तर घरात महाभारत झालं. साडेआठ हजारांचे बूट. दुकानात नानांनी ज्येष्ठ नागरिकांना सवलत विचारली, ती नव्हती. चामडं नाही ना, हे तीनदा विचारून घेतलं. मग खंडेनवमीला, जिथं वर्षानुवर्षं तिकिटांची पेटी आणि पंच पूजेला मांडायचे, तिथं नानांनी बूट मांडले. काकींनी ते उचलून उंबऱ्याबाहेर ठेवले. नानांनी आत आणले. शेवटी तोडगा निघाला: पाट उंबऱ्यावर, बुटांची टोकं आत, टाचा बाहेर. झेंडूची फुलं दोन्हीकडे.

नानांच्या मोबाईलवर उघडताच एक दाढीवाला, पिवळ्या फेट्याचा म्हातारा दिसतो: फौजा सिंग. पंजाबचा माणूस, पुढं इंग्लंडला गेलेला. नव्वदीला टेकताना पळायला लागला, 2000 साली लंडनची मॅरेथॉन पळाला आणि 2011 मध्ये टोरांटोला, वयाच्या शंभराव्या वर्षी, पूर्ण बेचाळीस किलोमीटर. जन्मदाखला नव्हता म्हणून गिनीजनं विक्रम मानला नाही. नानांना हा भाग विशेष आवडतो. त्यांच्याही दाखल्यावर शाळामास्तरांनी टाकलेला एक जून आहे. 2025 च्या जुलैत गावाकडच्या रस्त्यावर गाडीनं धडक दिली आणि फौजा सिंग गेले. बातमी आली त्या दिवशी नाना पळायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग कोचला एवढंच विचारलं, "खाजगी गाडी होती ना?"

मॅरेथॉनच्या इतिहासाबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. तो ग्रीक जासूद मॅरेथॉनहून अथेन्सला पळत गेला, विजयाचा निरोप सांगितला आणि पडला तो उठलाच नाही, ही दंतकथा ऐकून नाना म्हणाले, "तोंडात नाव नसंल त्याच्या." मात्र ते वरचे 195 मीटर कुठून आले हे त्यांना पटलं. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून निघून थेट स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर शर्यत संपवायची ठरली, त्यात अंतर हे असं विचित्र भरलं आणि पुढं तेच कायम झालं. ग्रुपमधले सगळे यावर हसतात. नाना म्हणाले, "बरोबर हाय. एवढं पळायचं तर शेवट कुणाच्यातरी पुढ्यात व्हायला पायजे."

डिसेंबरात गुडघा धरला. फिजिओनं दहा दिवस पळणं बंद केलं. या काळात नाना पळत नव्हते तर भांडत होते, आणि तेही देवाशी. वारकऱ्याला हा अधिकार आहे. नामदेव भांडले, जनाबाईनं तर विठ्ठलाला शिव्याही घातल्या. नानांचा सूर मात्र डेपो मॅनेजरकडे गेलेल्या कर्मचाऱ्याचा. "ड्युटी तू लावलीस. रूट तू दिलास. आता गाडीचा टायर तूच काढून घेतलास. प्याशिंजरला तोंड मी द्यायचं?" गुडघा अकराव्या दिवशी बरा झाला. श्रेय अर्थातच पांडुरंगाला. फिजिओचे तेराशे रुपये नानांनी दिले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी छातीवर लावायचा नंबर मिळाला. त्याच्या मागच्या बाजूला रक्तगट आणि संकटकाळी कुणाला कळवायचं, हे लिहायचं असतं. नानांनी लिहिलं: पांडुरंग, पंढरपूर. काकींनी ते वाचलं.

"आणि फोन नंबर?"

"त्याला लागत न्हाई."

"मग तुम्ही पडल्यावर लोक मला कसं कळवतील?"

"तू पंढरपुरात हाईस का?"

कोचनं नंतर पेनानं खाली काकींचा नंबर घातला. नानांना ते ओव्हररायटिंग वाटलं.

मुंबईला ते लालबागला साडूंकडे मुक्कामी गेले आणि रात्रभर जागे राहिले. पहाटे अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारो माणसं उभी. नानांनी डबल बेल दिली आणि निघाले. आता या मोठ्या स्पर्धांत पेसर म्हणून एक जण असतो, हातात झेंडा, त्यावर वेळ लिहिलेली. त्याच्या मागं राहिलं की तेवढ्या वेळात पोचता येतं. झेंडा बघून नानांना वाटलं, पताका. ते त्यामागं लागले. थोड्या वेळानं शेजारच्या मुलीनं सांगितलं, काका, ही आपली बस आहे, सोडू नका. पेसरच्या घोळक्याला पळणारे बसच म्हणतात. झालं. पताका आणि बस एकाच माणसाच्या हातात! नानांच्या दोन्ही जन्मांचं सार्थक झालं.

त्यानंतरचं मला त्याच बसमधल्या एका कऱ्हाडच्या डॉक्टरांनी सांगितलं. मरिन ड्राइव्ह ओलांडेपर्यंत नानांनी पॅसेंजर मोजले होते. हाजीअलीला ते घोळक्याच्या मागं गेले आणि "पुढं सरका, मधी मोकळं हाय" सुरू झालं. वरळीला "वरळी, वरळी" अशी आरोळी. सागरी सेतूवर वारा होता, सूर्य वर आला होता, सगळे गप्प होते. नानांनी एक गजर धरला आणि निम्म्या बसनं तो उचलला, त्यात दोन गुजराती आणि एक केनियाची टोपी घातलेला तमिळ मुलगा. वांद्र्याला एक पोरगा बाजूला होऊन बसायला लागला. नाना परत फिरून त्याच्याकडे गेले. "मधल्या थांब्यावर उतरता येत न्हाई. गाडी विनाथांबा हाय." पोरगा उठला. पेसर बिचारा पुढं झेंडा धरून पळत होता आणि मागं आपली बस दुसराच कुणीतरी चालवतोय हे त्याला बहुधा माहीमपर्यंत कळलं नसावं.

पेडर रोडचा चढ येतो पस्तीस किलोमीटर उलटून गेल्यावर. मोठा नाही, यवतेश्वरापुढं तर काहीच नाही. पण कुठल्या वेळी समोर येतो, यावर चढाची उंची ठरते. तिथले रहिवासी सोसायट्यांपुढं उभे राहून पळणाऱ्यांना संत्री, बिस्किटं, चिक्की देतात. एका कॉलेजकन्येनं नानांपुढं संत्र्याच्या फोडींची थाळी धरली आणि म्हणाली, "घ्या ना, अंकल." सकाळपासून उपाशी माणसाला कुणी अनोळखी हातानं भरवलं की वारीत जे करतात तेच नानांनी केलं. ते खाली वाकले आणि तिच्या पाया पडले.

वाकले ते वाकलेच. दोन्ही मांड्यांत एकदम गोळे आले. मुलगी किंचाळली, थाळी आडवी झाली, संत्री उताराला लागली. मागून येणाऱ्या एका जाड्या गृहस्थांनी नानांना ओलांडायचा प्रयत्न केला तो अर्धवट जमला. मुलीची आई धावून आली आणि "अरे उठाइए इनको, उठाइए" म्हणत तीही वाकली. नानांनी जवळ दिसलेले तिचेही पाय धरले. कुणीतरी वेदनाशामक फवारा मारला, तो चड्डीच्या जाड कापडावरच बसला, शिंप्यानं शिवलेल्या. आणि या सगळ्यात नानांनी मान वर करून पाहिलं तर झेंडा दूर गेला होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत जे कधी झालं नाही ते झालं: कंडक्टर खाली आणि गाडी पुढं. नानांनी हात वर करून एकदाच दोरी ओढली. कोणी थांबलं नाही.

मग ते पेडर रोडवर पांडुरंगाशी मोठ्यानं भांडले. लोकांना वाटलं, काका फोनवर आहेत. भांडत भांडतच एकेक पाऊल टाकत चढाच्या माथ्यावर पोचले. तिथं दहा-पंधरा माणसं उभी होती, चढानं दमलेली, पुढं निघायचा धीर नसलेली, सगळी दोन्ही हात कमरेवर ठेवून. नाना बघत राहिले. डॉक्टर सांगतात, म्हाताऱ्यानं तिथं सगळ्यांना ओळीनं हात जोडले, पण या वेळी वाकला नाही, तेवढं शहाणपण आलं होतं. खाली केम्प्स कॉर्नरचा उतार होता. नानांनी डबल बेल दिली आणि धावा केला.

बस काही गाठता आली नाही. ती अकरा मिनिटं आधी पोचली होती. नाना पोचले, गळ्यात पदक पडलं, आणि त्यांनी पहिलं काम केलं ते पेसरला शोधण्याचं. तो बिचारा ग्लासभर पाणी घेऊन फुटपाथवर बसला होता. "माणसं मोजून गाडी न्यायची असते," नाना म्हणाले. त्यानं माफी मागितली. नंतर प्रमाणपत्रावरच्या वेळेवरून नानांनी टेबलाशी वाद घातला: बंदुकीपासूनची वेळ का धरली, चिपची धरा, आम्ही रेषा उशिरा ओलांडली होती. पळवणारा पांडुरंग होता, पण साडेतीन मिनिटं नानांची होती.

पदक साताऱ्याला आणून त्यांनी देवघरातल्या पितळी विठोबाच्या गळ्यात घातलं. मूर्ती वीतभर, पदक ताटलीएवढं. विठोबा पुढं कलंडला. काकींनी त्याला उभा केला, पदक काढून फीत साबणानं धुतली, वाळत घातली आणि ते नानांच्या फोटोमागच्या खिळ्याला अडकवलं. रुक्मिणीकडे बघून काहीतरी म्हणाल्या, ते कुणाला ऐकू आलं नाही.

ऑगस्टात पुढच्या वर्षीचा अर्ज उघडला. नाना मुलाशेजारी बसून भरत होते. अपेक्षित वेळेचा रकाना आला. नानांनी गेल्या वेळेतून बारा मिनिटं वजा केली.

"हे पांडुरंगानं सांगितलं?" काकींनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"न्हाई. ती बस गाठायचीय मला."

मुलानं पुढचा रकाना वाचला: संकटकाळी संपर्क. नानांनी या वेळी कुणी न सुचवता काकींचं नाव आणि नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून, तिकिटाचा नंबर सांगावा तसा.

"खोडा ते," काकी म्हणाल्या. "रविवारी सकाळी मी काकड्याला असते. फोन बंद असतो. त्याचंच नाव घाला."